निळ्या बाईंचं बिऱ्हाड

माझा मामा लोकांना गाडी चालवायला शिकवतो. स्वतः मात्र क्वचितच चालवतो. त्याचं उभं आयुष्य ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर गेलं, आणि त्या सीटवरून त्याने जगाला जो काही उपदेश केला तो एका शब्दात मावतो: सावकाश. समोरून ट्रक आला तरी सावकाश, रस्ता मोकळा असला तरी सावकाश, आणि गाडी अजून सुरूच झाली नसली तरी सावकाश. त्याचे विद्यार्थी त्याला सावकाश सर म्हणतात. पाठीमागे नव्हे, तोंडावर. मामाला त्यात काही वावगं वाटत नाही. कुणी नुसतं 'सर' म्हटलं तर तोच जरा दचकतो.

त्याच्या हाताखालून एकेक नग गेले आहेत. औषधांच्या दुकानातले एक गृहस्थ गिअर खरकन वाजला की गाडीला 'सॉरी' म्हणायचे. शिकवणी संपेपर्यंत गाडीची इतकी माफी मागून व्हायची की मामाला वाटे, आता गाडीनेच एकदा 'असू दे' म्हणावं. गाण्याच्या एक बाई वळण आलं की डोळे मिटायच्या.

"बाई, डोळे उघडा."

"मला नाही बघवत हो."

"तुम्ही नाही बघायचं तर बघायचं कुणी?"

"तुम्ही आहात ना."

आणि खरंच, मामा असायचा. शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याचं डोकं बंद पडलं की शिक्षकाचा पाय चालू होतो. त्या एका पायाने मामाने आजवर किती कठडे, किती कुत्री आणि किती भाजीच्या हातगाड्या वाचवल्या असतील त्याला गणती नाही. गाण्याच्या बाई चक्क परीक्षा पास झाल्या. परीक्षेतही त्यांनी एका वळणावर डोळे मिटले होते म्हणतात, पण परीक्षकाचेही मिटलेलेच होते.

अशा माणसाने घरी काय पाळावं? कासव शोभलं असतं. फार तर एखादी जाडजूड मांजर. मामाने पाळले ते टॅरंटुला, आणि तेही बुटक्या जातीचे.

टॅरंटुला म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पंजाएवढा केसाळ कोळी येतो, जेवण झाल्यावर शतपावली करत असल्यासारखा चालणारा. मामाकडचे तसले नव्हेत. पाय पसरून बसले तरी चहाच्या बशीतल्या खळग्यात मावतील, एवढेच. पण त्यांना दोन खोडी. एक म्हणजे सुसाट. त्यांना पळताना कुणी पाहिलेलंच नसतं. आधी ते इथे असतात आणि मग तिथे असतात, मधला प्रवास डोळ्यांना दिसत नाही. दुसरी खोड जाळ्याची. घराच्या कोपऱ्यात लोंबतं तसलं चार धाग्यांचं किडकिडीत जाळं नव्हे. यांना डबा द्या, ते डबा भरून काढतात. बोगदे काय, माड्या काय, चोरवाटा काय, सगळं पांढऱ्याशुभ्र मलमलीचं. शेवटी आत कुणी राहतं की नाही, हे मालकाला श्रद्धेनेच मानावं लागतं.

हा नाद मामाला लावला पोपटवाल्याने. पोपटवाला म्हणजे पाळीव प्राण्यांच्या दुकानाचा मालक. मामाकडे गाडी शिकला, परीक्षेत पुन्हापुन्हा आपटला, आणि अखेर पास झाला तेव्हा गुरुदक्षिणा म्हणून एक गोळ्यांची डबी देऊन गेला. मामाला वाटलं, आता माझी तब्येत बिघडवून औषधही हाच देतो की काय. डबीत मोहरीएवढा एक कोळी होता. तोच पुढे वाढून निळ्या बाई झाला.

हो, बाई. मामा कोळिणींबद्दल आदराने बोलतो. "बाई आज जेवल्या नाहीत." "बाईंनी कात टाकली." एकदा त्याच्याकडे पाहुण्या आलेल्या एका वयस्क बाई हे ऐकून जाग्यावरून उठल्याच होत्या. निळ्या बाईंचा रंग मात्र खरोखर नाव ठेवावा असा. पाठीवर आणि पायांवर निळसर हिरवी झळाळी, नव्या मोटारीच्या टपावर ऊन पडावं तशी, आणि मागे पोटावर तांबूस केस.

"मामा, तुझ्यासारख्या माणसाला एवढा पळणारा प्राणी कसा रे आवडतो?" मी एकदा विचारलं होतं.

"पळणं सोड रे. पळायला काय, कुणालाही येतं," तो म्हणाला. "तू हिचं थांबणं बघ. तेवढ्या वेगात जाते आणि जिथे थांबायचं तिथे थांबते. पुढे ना मागे. दिवसभर मी अशा माणसांबरोबर असतो, ज्यांना थांबता येत नाही. घरी आल्यावर हिला बघितलं की बरं वाटतं."

मामी शिवणकाम करते. त्यातही नवं शिवण्यापेक्षा जुनं उसवून अंगाबरोबर करून देण्यात तिचं नाव. कुणाचा कोट घट्ट झाला, कुणाची पँट सैल झाली, कुणी बारीक झालं म्हणून आनंदात आलं, कुणी झालं नाही म्हणून गुपचूप आलं, सगळ्यांची सोय मामी करते आणि कुणाचं माप कुणाला सांगत नाही. पुढच्या खोलीत तिचं विजेवरचं मशीन आहे. जुनं पायाने चालवायचं मशीन गेलं, पण त्याचा लोखंडी सांगाडा खाली पायडलसकट तसाच राहिला. त्यावर फळी टाकून मामाने मागच्या खोलीत टेबल केलं. भिंतीवरच्या फळीवर कोळिणींचे डबे, आणि खाली हे टेबल. तो मामाचा दरबार.

मामीला कोळ्यांची भीती वाटत नाही. तिला भीती गिऱ्हाइकांची. आणि ती भीती एकदा खरी झाली.

झालं असं की या कोळिणींचे डबे मधूनमधून बदलावे लागतात. कोळीण वाढते, डबा अपुरा पडतो, नाहीतर जाळ्याने गच्च भरतो. मग जुन्या डब्यातून तिला नव्यात न्यायचं. सांगायला सोपं आहे. झाकण काढायचं, ब्रशने मागून हळूच टोचायचं, ती पुढे नव्या डब्यात जाते. फक्त 'पुढे' म्हणजे कुठे, हे ती ठरवते. पहिल्या वेळी एक करडी कोळीण मामाच्या बाहीवरून खांद्यावर, खांद्यावरून भिंतीवर आणि भिंतीवरून घड्याळामागे गेली. मामीने तेव्हा ते चालवून घेतलं. घड्याळ पुसायचंच होतं, म्हणाली. दुसऱ्या वेळी मात्र कोळीण दाराखालून पुढच्या खोलीत आली आणि शिवून तयार असलेल्या कपड्यांच्या ढिगात शिरली. त्या दिवशी मामीने सगळ्यांचे कपडे एकेक करून उलटे केले, खिसे बाहेर काढले, अस्तरं चाचपली. गिऱ्हाइकं दारात उभी, आणि मामी त्यांना म्हणते आहे, "जरा इस्त्री राहिलीय." कोळीण अखेर एका कोटाच्या बाहीत सापडली. कोटाचे मालक तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून पेपर वाचत होते. ते अजूनही मामीकडेच शिवायला टाकतात, कारण त्यांना अजूनही काही माहीत नाही.

रात्री मामीने नियम केला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मामाला बरं वाटलं असतं.

"यापुढे एक जरी बाहेर आली, तर सगळे डबे पोपटवाल्याकडे. मी भांडायची नाही, रडायची नाही. पिशवी आणून देईन फक्त."

मामाने मान डोलावली. नियमाच्या बाबतीत मामा भलता कडक. परीक्षेत विद्यार्थ्याच्या गाडीचं चाक रेघेला लागलं, तर परीक्षकाच्या आधी हाच 'नापास' म्हणून मोकळा होतो. "अहो सर, जरासंच लागलं," असं कुणी म्हणालं तर त्याचं ठरलेलं उत्तर: "रेघेला जरासं माहीत नसतं."

नियम झाला आणि मामाने डबे बदलणं बंद केलं. बदललेच नाहीत तर पळणार कशा? हिशेब चोख होता. पण निळ्या बाईंना तो मान्य नव्हता. त्यांनी डबा भरून झाल्यावर झाकणाचं काम हाती घेतलं. झाकणाला हवेसाठी भोकं होती, ती त्यांनी आतून विणून बंद केली. हवा बंद झाली तशी आत दमट झालं, काचेवर थेंब धरले, तळाच्या भुशाला बुरशी आली. एरवी तळाशी बोगद्यात बसणाऱ्या बाई वर येऊन झाकणाला चिकटून बसू लागल्या. पोपटवाला येऊन बघून गेला. तो म्हणाला, "सर, यांना कोरडं लागतं. या ओलीत टिकायच्या नाहीत त्या. लवकर काढा."

आता मामाची खरी पंचाईत झाली. बाईंना हलवलं नाही तर बाई जाणार. हलवताना सटकल्या तर सगळ्याच जाणार. रोज सकाळी तो डब्यापुढे उभा राहायचा आणि रोज काहीतरी कारण काढायचा. आज ढग आलेत, उजेड नाही. आज उजेड फार आहे, बिचकतील. आज माझाच हात दुखतोय. मामी पुढच्या खोलीतून ऐकायची. एकदा तिने नुसतं विचारलं, "कुठला हात?" मामाने दोन्ही हातांकडे बघितलं, पण त्याला ठरवता येईना.

शेवटी एका रविवारी सकाळी मला फोन आला. "भाचेबुवा, टॉर्च धरायला येशील का? तुझा हात स्थिर आहे." माझा हात स्थिर असल्याचं मला त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं.

मी गेलो तेव्हा मामी खिडकीशी बसून कुणाच्या तरी पँटच्या मोऱ्या टाचत होती. ओठांत टाचण्यांची रांग. तिने डोळ्यांनीच मागची खोली दाखवली. मामाची तयारी बघण्यासारखी होती. पँटच्या मोऱ्या मोज्यांत खोचलेल्या, बाह्या रबरबँडने मनगटाशी बांधलेल्या, खिडकी बंद. मी आत जाताच त्याने दार लावलं आणि फटीत टॉवेल कोंबला. टेबलावर कपडे भिजवायचा मोठा टब. टबात निळ्या बाईंचा जुना डबा, शेजारी नवा मोठा डबा, कोरडा भुसा घातलेला, बाजूंना हवेची भोकं असलेला. एक रंगाचा ब्रश, एक कात्री, आणि पालथा घालायला पारदर्शक पेला.

"झाकण मी सोडवणार," मामा हळू आवाजात म्हणाला. "तू उजेड धर. काहीही झालं तरी हलायचं नाही. आपण हललो तर त्या हलतात. सगळं सावकाश."

तो स्टुलावर बसला. मी टॉर्च धरली. मामाने झाकण एवढंसं उचललं, तसे धागे ताणून चिरचिर तुटले. बाई कडेला आल्या. निळी झळाळी नुसती. पुढचे दोन पाय बाहेर काढून हवा चाचपू लागल्या. मामा पुटपुटला, "सावकाश, बाई, साव..."

बाईंनी एकदम पुढे झेप घेतली, आणि त्याच क्षणी टेबलाखालून खडाक असा आवाज आला. सगळं टेबल हादरलं, टबात डबा उडाला. बाई ब्रशवर दिसल्या, मग डब्याच्या कडेला दिसल्या, मग दिसल्याच नाहीत. मी श्वास धरून टॉर्च फिरवली. नशिबाने त्या परत आपल्या बोगद्यातच शिरल्या होत्या. मामाने झाकण टेकवलं आणि कपाळ पुसलं.

"बघितलास वेग?"

दार ढकललं गेलं, टॉवेल सरकला आणि फटीतून मामीचं तोंड दिसलं. तिने टाचण्या ओठांतून काढून हातात घेतल्या होत्या.

"पायडल कुणी मारलं?"

"कसलं पायडल?" मामा म्हणाला.

"मशीनचं. माझी निम्मी जिंदगी गेलीय त्याच्यावर. त्याचा आवाज मला झोपेतसुद्धा कळतो."

"भाच्याचा पाय लागला असेल."

"मामा, मी या बाजूला उभा आहे."

मामी आत आली, तिने दार लावलं, टॉवेल परत नीट कोंबला. मग वाकून टेबलाखाली बघितलं. मामाचा उजवा पाय पायडलवर ऐसपैस विसावलेला होता. मामीने कंबर सरळ केली. खिशातून दोऱ्याचं एक रीळ काढलं आणि टेबलावर सोडलं. रीळ गडगडत कडेपाशी चाललं. ते पडणार, एवढ्यात खडाक. पायडल दाणकन खाली गेलं आणि टेबल पुन्हा हादरलं.

मामा स्वतःच्या पायाकडे बघत राहिला. एखादा अनोळखी माणूस आपल्या घरात शिरून बसलेला दिसावा, तसा.

"मी दाबलं?"

"नाही, पोपटवाल्याने," मामी म्हणाली. "अहो, बसमध्ये तुम्ही सगळ्या स्टॉपवर ब्रेक लावता. सिनेमात मोटारींची पळापळ चालली की माझ्या चपलेवर लावता. मी दूध ओतायला लागले की तुमचा पाय चालू. मी समजून चुकले होते की हे आता असंच राहायचं. पण कोळ्यांच्या वेळीही लावता हे नव्हतं ठाऊक."

मला माझं लहानपण आठवलं. सुट्टीत मामाकडे गेलो की मी जिन्यावरून धडधडत उतरायचो आणि खाली सोफ्यावर बसलेल्या मामाचा पाय जमिनीवर आपटायचा. मला वाटायचं, तो मला रागावतोय. तो बिचारा मला थांबवत होता.

मामाने पायडलवरचा पाय काढून घेतला. मग म्हणाला, "म्हणजे ती घड्याळामागे गेली, ती..."

"हो."

"आणि कोटातली?"

"तीही."

"मी सगळ्यांना सांगत सुटलो की माझ्याकडच्या फार बिथरट आहेत. त्या नव्हत्या गं बिथरट. पायाखालची जमीन हादरली तर कोण थांबेल?" त्याचा चेहरा इतका पडला की मामीलाच काहीतरी करावंसं वाटलं. ती पुढच्या खोलीत गेली आणि कातरणांचं पोतं घेऊन आली. शिवणकामात उरलेल्या चिंध्यांचं ते पोतं तिने मामाच्या स्टुलापुढे, पायडलपासून लांब ठेवलं.

"घाला पाय यात. दोन्ही."

"दोन्ही कशाला?"

"डाव्यावर तरी माझा काय भरवसा?"

मामा गुडघ्यांपर्यंत चिंध्यांत बसला. मामीने रीळ पुन्हा टेबलावरून सोडलं. पोत्यात काहीतरी जोरात हललं, पण आवाज नाही, धक्का नाही. रीळ शांतपणे खाली पडलं. मामी म्हणाली, "आता दाबा हवे तेवढे ब्रेक."

ती परत जायला निघाली होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे तिने कधीच ते कबूल केलं नाही. दारापाशी तिने सहज मागे वळून बघितलं, तर मामा कात्री घेऊन जाळ्याला भिडला होता. वरचा पदर त्याने असा ओढला की अख्ख्या मलमलीला सुरकुती पडली.

"अहो, अस्तर काय असं काढतात?"

"अगं, हे जाळं आहे."

"दिसतंय मला. एवढं घट्ट विणलंय तिने आणि तुम्ही धसमुसळेपणा करताय. सरका."

"सरकू कसा? पाय पोत्यात आहेत."

मामी त्याच्यावरून वाकली. अंगात तिचा तो घरातला जुना लोकरी स्वेटर. हातातल्या टाचण्या परत ओठांत धरल्या आणि उसवायचं बारीक हत्यार घेतलं, ते पुढे टोक असलेलं. डब्याच्या कडेकडेने जाळं जिथे जिथे काचेला चिकटलं होतं तिथे तिथे तिने एकेक ताण सोडवायला सुरुवात केली. कोटाचं अस्तर सोडवतात तसं. घाई नाही, ओढाताण नाही. सोडवलेली कड लोंबू नये म्हणून ती टाचणीने डब्यात ठेवलेल्या झाडाच्या सालीच्या तुकड्याला अडकवत होती. बाई त्या सालीच्या आडोशालाच राहायच्या. एका बाजूने काम करत ती दुसऱ्या बाजूला आली तेव्हा मला कळलं, की साल उचलली तर अख्खं बिऱ्हाड, माड्याबोगद्यांसकट, एकसंध वर येणार आहे. आजवर मामा घर मोडून कोळिणींना बाहेर हाकलत होता. घरासकट न्यावं, हे त्याला सुचलं नव्हतं.

"उचल आता," मामा श्वास रोखून म्हणाला.

मामीने दोन्ही हातांनी साल उचलली. जाळं तंबूसारखं वर आलं. टबाच्या मध्यावर आणलं. नवा डबा वीतभर राहिला होता, आणि तंबूच्या तळाशी एक भोक होतं, जे आम्हा तिघांपैकी कुणालाही दिसलं नव्हतं.

बाईंना दिसलं.

एका क्षणी त्या आत होत्या, दुसऱ्या क्षणी मामीच्या डाव्या बाहीवर, कोपराच्या जरा खाली. मामीचे दोन्ही हात गुंतलेले. तोंडात टाचण्या, म्हणजे ओरडायचीही सोय नाही. तिचे डोळे तेवढे मोठे झाले. माझ्या हातातला उजेड थरथरू लागला, स्थिर हाताचं कौतुक तिथेच संपलं. आणि मामाच्या पोत्यात नुसता धुमाकूळ चालला होता. तो अख्ख्या शहराची वाहतूक थांबवत असावा, इतक्या जोरात ते पोतं फुगत होतं आणि बसत होतं. टेबल मात्र हललं नाही.

"हलू नकोस," मामा म्हणाला. वळणावर डोळे मिटणाऱ्यांना सांगतो त्या आवाजात. "त्या थांबल्यात, बघ. त्यांना कुठेही जायचं नाहीये. चुकून बाहेर पडल्यात बिचाऱ्या."

बाईंनी एक पाय उचलला. स्वेटरच्या लोकरीत त्यांच्या पायाची नखं अडकत होती, त्यामुळे प्रत्येक पाय सोडवून पुढे टाकावा लागत होता. एवढ्या सावकाश चालताना त्यांना मामाने आयुष्यात पाहिलं नसेल. मामाने नवा डबा उचलला आणि तिच्या बाहीखाली आणून धरला.

"आता साल खाली सोड. डब्यात. अस्सं. हात तिथेच राहू दे, टेकव कडेला."

मामीने साल आत टेकवली. तंबू जरा वाकडा बसला. बाही डब्याच्या काठाला लागली. बाई उतरणीला लागल्या, काठाशी आल्या, पुढचे पाय जाळ्याला लागले. ओळखीचा धागा लागताच त्यांनी दिवसातली शेवटची घाई केली आणि आत गडप झाल्या. मामीने सावकाश हात काढून घेतला, एकेक टाचणी मोकळी केली, मामाने झाकण लावलं, खटके दाबले.

तिघेही नुसते बसलो. म्हणजे मामा बसलेलाच होता, मामी आणि मी भिंतीला टेकलो. खरं तर आता कुणीतरी हसायला हवं होतं. पण मामा झाकणावर हात ठेवून तसाच राहिला होता आणि फळीवरच्या बाकीच्या डब्यांकडे बघत होता.

"पोपटवाल्याला फोन लाव रे," तो मला म्हणाला.

"का?"

"बाहेर आली होती. मी बघितलं, तू बघितलंस." मग मामीकडे न बघता म्हणाला, "पिशवी आणतेस का? मोठी आण. डबे उभेच ठेवायला लागतील, आडवे चालायचे नाहीत."

त्याचा आवाज अगदी सरळ होता. इतक्या परीक्षांत इतक्या लोकांना नापास केलेला माणूस. स्वतःची पाळी आली तेव्हा त्याने 'जरासंच लागलं' म्हटलं नाही. फोन हातात घेऊन मी मामीकडे बघितलं.

मामी डब्यात बघत होती. एक टाचणी अजून ओठांत राहिली होती, ती तिने काढून स्वेटरला खोचली.

"नियम कुणी केला होता?" ती म्हणाली.

"तू."

"मग त्याचा अर्थ मला विचारायचा की पोपटवाल्याला? तुम्हाला काय वाटलं होतं तेव्हा, की मला त्यांची किळस येते म्हणून केला? लोक विश्वासाने माझ्याकडे कपडे टाकतात. कुणी बाहीत हात घातला आणि हे निघालं, तर मी कुणाला तोंड दाखवू? त्यासाठी होता नियम."

"पण बाहेर म्हणजे बाहेर."

"कुठे बाहेर? जमिनीला पाय लागला तिचा? गिऱ्हाइकाच्या कपड्याला लागला?" तिने स्वेटरची बाही त्याच्यापुढे धरली. लोकरीला एक पांढरा धागा चिकटलेला होता. "बाही माझी आहे."

मामाने तो धागा बघितला. त्याला आणखी काहीतरी विचारायचं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, पण परीक्षकाने पास म्हटल्यावर हुज्जत घालायची नसते, हेही तोच शिकवत आला आहे.

"आणि यापुढे," मामी म्हणाली, "बदलायचा असला डबा की आधी मला सांगायचं. तुम्ही पोत्यात बसायचं. उसवायचं मी. ते तंबूचं भोकही आधी बघायला हवं होतं, ती माझी चूक. कोपऱ्यात झोळ पडलाय, दिसतोय का? वाकडं बसलंय."

"ते करतील त्या नीट," मामा म्हणाला. "दोन दिवसांत बघ."

"बघते ना."

मी फोन खिशात ठेवला. मामा पोत्यातून पाय काढून उभा राहायला गेला आणि लगेच पुन्हा बसला. इतक्या ब्रेकांनंतर दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. मी त्याला काखेतून धरलं. नवा डबा शेजारच्या खोलीत खिडकीजवळच्या कोरड्या जागी ठेवायचा होता आणि मामाला तर पाऊल टाकता येईना, तेव्हा मामीनेच तो दोन्ही हातांनी छातीशी धरून उचलला. मामा माझ्या खांद्यावर रेलून मागून सूचना देऊ लागला.

"डावीकडे स्टूल आहे. पुढे उंबरठा. जरा वळताना..."

"अहो, हे घर माझंही आहे," मामी मागे न बघता म्हणाली. "उंबरठा कुठे आहे ते मला माहीत आहे. तुम्ही आधी उभे राहा."